जनरलच्या चांदीचा टाक

"मल्हारी माझा दोस्त व्हता. डोळ्यानं पाह्यलेलं सांगून राह्यलो," सर्जेरावमामा पोरांना म्हणाले.

चौऱ्याहत्तर सालची होळी, शुक्रवार. मल्हारी सकाळीच बदनापूरहून गाडी धरून जालन्याला मस्तगडातल्या सोनाराकडे गेला. थोरला भाऊ किसना इटलीच्या लढाईत मेला. त्याची माती घरी आली नव्हती. अशा माणसाचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात बसवतात. होळीला तो घेऊन नाचणाऱ्याच्या अंगात वीर येतो. म्हाताऱ्या आईला, आसराबाईला, मरायच्या आधी किसनाला एकदा भेटायचं होतं.

"त्याच्याच पदकाचा टाक कर," ती म्हणाली.

पदक किसनाचं नव्हतंच. त्याच लढाईत मल्हारीनं ते एका मेलेल्या जर्मन जनरलच्या गळ्यातून काढलं होतं. जनरल पोलंडात लढला, फ्रान्सात लढला, रशियात त्यानं माणसांसकट गावं जाळली, असं कैदी सांगायचे. आईला मात्र मल्हारी म्हणाला होता, "किसनाच्या बहादुरीचं हाय." तीस वर्षं तिनं ते उशाशी ठेवलं.

रात्री साडेदहाला धाकट्या भावानं, त्रिंबकानं, तो नवा टाक मुठीत धरला. डफ घुमला. त्याचं अंग थरथरलं... आणि एकदम ताठ झालं.

"आला गं, माझा किसना आला!" म्हातारी पुढे सरली.

त्रिंबक टाचा आपटत होळीभोवती फिरला. एकेक घर न्याहाळलं. मग ओरडला, "फॉयर!"

"वीर विंग्रजी बोलून राह्यला!" लोक हसले.

मल्हारीनं तो शब्द ओळखला. इटलीत या शब्दामागून जर्मन तोफा सुटायच्या.

"आई, मागं फिर! त्यो किसना न्हाई!"

"गप रे. माझं लेकरू मला वळखू येत न्हाई का?"

"पदक त्याचं न्हवतं... मी खोटं बोल्लो..."

म्हातारी थबकली. मल्हारीकडे पाहिलं. तरी हात पसरून पुढे गेली.

त्रिंबकानं जळतं लाकूड उपसलं. एकच घाव. डोक्यावर. लुगडं पेटलं. मग मल्हारीच्या घराचं छप्पर.

तो दुसऱ्या घराकडे वळला. मल्हारीनं टाक हिसकायला पाहिला, मूठ उघडेना. मल्हारीनं कुऱ्हाड उचलली. मनगटावर... एक. दोन.

हात पडला. टाकासकट मल्हारीनं तो आगीत लोटला.

त्रिंबक भानावर आला.

"दादा... आई कुठंय?"

...

त्याला रातोरात जालन्याच्या दवाखान्यात नेलं. मल्हारी पोलिसांच्या गाडीत बसला.

सकाळी चावडीच्या भिंतीवर कोळशानं काढलेला नकाशा दिसला. वाडीचे रस्ते. विहिरी. प्रत्येक घर. मल्हारीच्या घरावर फुली.

बाकीच्यांना नंबर टाकले होते.