मुंगी दिसते, ताट दिसत नाही

अरे, वैताग काय असतो ते आमच्या घरी येऊन बघा! भिंतीवरची मुंगी आबांना दिसते. आणि समोरचं पोह्यांचं ताट? "कुठंय गं ईरा?" अहो आबा, तुमच्या नाकाखाली! चष्मे बदलून बदलून शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. म्हणे, डोळे ठणठणीत!

मला वाटलं, मुद्दाम करतायत. तुम्हालाही तेच वाटलं ना? आपल्या गणपतीतल्या नाटकाचे आबा कायमचे प्रॉम्प्टर (विंगेतून वाक्य पुरवणारे). आणि परवा तालमीत मधल्या ओळी गाळून त्यांनी राजाला दासीचं वाक्य दिलं. तुम्ही खो खो हसलात. मग सोसायटीने ते काम ठमक्याला दिलं. हा यंत्रमानव तर अजूनच ताप! मी राणी, जरा थांबून हुंदका देते, तर हा ओरडतो, "पुढील वाक्य ऐका!" अरे बाबा, मी विसरले नाहीये, मी रडतेय!

आबांनी घरी येऊन नाटकाचे कागद कपाटात टाकले आणि दार लावलं.

काल आई आम्हाला मेंदूच्या डॉक्टर आत्तारबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी आबांना एक टोपी घातली, आणि टेबलावर हवेत आबांचा मेंदू चमकायला लागला!

"अख्खा बिघडलाय?" मी विचारलं.

"अगं, थांब की जरा! हा पुढचा भाग, वागणं सांभाळणारा. छान आहे. कानशिलांच्या आत आठवणींचा भाग. तोही बरा. आता मागे ये."

मागे घड्यांमध्ये रुंद फटी पडल्या होत्या.

"हा शोष (पेशी मरून भाग आक्रसणं). मेंदूच्या आजारांत तो सगळीकडे एकदम होत नाही. कुठे आधी झाला, त्यावरून आम्ही आजाराचा माग काढतो. कुणाची आधी आठवण जाते, कुणाचं वागणं बदलतं. यांचा मागचा भाग आक्रसलाय. डोळ्यांनी पाठवलेले तुकडे तिथे जुळतात."

"मग मुंगी कशी दिसते?"

"ती एवढीशी, एकटी. ताटात कड, वाटी, चमचा, पोहे, सगळं जुळवावं लागतं. आणि पानावर तर ओळींची गर्दी!"

आबा हळूच म्हणाले, "म्हणजे मी सोंग करत नव्हतो."

"नाही हो, काका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हे भरून येईल?"

"आज तरी नाही. पण आता जागा कळलीय, म्हणजे काम कुठे करायचं ते कळलंय. शोधतोय आम्ही." मग त्यांनी एका पुठ्ठ्याला लांब फट कापली. पानावर ठेवला की एकच ओळ दिसते!

घरी आबांनी कपाट उघडलं. हळूहळू वाचलं, पण एकही ओळ गाळली नाही. वर म्हणाले, "ईरा, 'महाराज' म्हटल्यावर तू हुंदका देतेस. तिथे मी तोंड उघडणार नाही."

ठमक्याला कळलं असतं हे? त्याला आता पुठ्ठा खाली सरकवायचं काम देऊ.

चला, उठा! परवा जे जे हसले, त्यांनी आबांची खुर्ची विंगेत न्यायची. मी एक बाजू धरतेच आहे.