सुरू व्हायची घाई

पनवेल स्टँडसमोरून द्रोणागिरीला निघालेल्या शेअर गाडीत समृद्धी खिडकीपाशी डोळे मिटून बसली होती. ऑक्टोबरचं ऊन, मांडीवर लॅपटॉपची बॅग, आणि डोक्यात गोदामाची ती सिस्टिम – अधूनमधून सकाळी सुरू होतानाच आडवी पडणारी.

वाटेत जासईला चढलेला शेजारचा तरुण फोनवर बोलत होता.

“चूक त्यांचीच आहे रे. पण त्या समृद्धी मॅडमना सांगणार कोण? त्यांचा मेल आला ना, की उघडायलाच घाबरतो मी... नाय, पाहिलं नाही कधी. पन्नाशीच्या असतील. चष्मा, कडक इस्त्रीची साडी...”

समृद्धीनं डोळे उघडले. तिशीही गाठली नव्हती अजून तिनं.

“साडी नाही नेसत मी,” ती म्हणाली. “चष्मा मात्र आहे.”

त्याचे कान लाल झाले. फोनमध्ये कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करत राहिलं.

“तुम्ही निकेश घरत ना? मेलमध्ये फार नम्र असता.”

“भीतीपोटी,” तो पुटपुटला. तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

गोदामाच्या गेटवर ट्रकवरच्या कंटेनरचे नंबर वाचणारा स्कॅनर निकेशच्या कंपनीचा होता. त्यांची नोंद ठेवणारी सिस्टिम समृद्धीच्या कंपनीची. सकाळी सिस्टिम चालू केली की कधीकधी स्कॅनरला काही दिसेचना. मग ट्रकची रांग पार हमरस्त्यापर्यंत जायची, ड्रायव्हर उन्हात ताटकळायचे, आणि दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवायच्या. आज दोघांनाही एकदम बोलावणं आलं होतं.

काचेच्या केबिनमध्ये दोघं एकाच स्क्रीनपुढे बसले.

“आमच्या सिस्टिमचा सांगाडा, हे फ्रेमवर्क, तुमच्या स्कॅनरचा ऑब्जेक्ट बनवतं,” समृद्धी स्कॅनर चालवणाऱ्या कोडच्या तुकड्यावर बोट ठेवत म्हणाली, “आणि त्याला जे लागेल ते बाहेरून आणून देतं. गेटचा नेटवर्कवरचा पत्ता, सेटिंग, सगळं.”

“पण द्यायच्या आधीच तुमचा कोड त्याला म्हणतो, चल, कामाला लाग.”

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. खरंच होतं ते. “बरं. पण पत्ता नसताना तुमचा ऑब्जेक्ट तक्रार का नाही करत? निमूट सुरू होतो. कोणावर गेलाय कोण जाणे...”

“मालकावर,” निकेश म्हणाला, आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

फ्रेमवर्कला तिनं वेगळं शिकवलं – हा ऑब्जेक्ट बनवलास की आधी सगळं त्याच्या हातात दे, मग तूच त्याला सुरू कर, आणि त्यानंतरच दुसऱ्या कुणाला वापरू दे. निकेशनं त्याच्या बाजूला तपासणी घातली: पत्ता नसेल तर मुकाट्यानं पुढे जायचं नाही. पुन्हापुन्हा बंद-चालू करून पाहिलं. स्कॅनर दर वेळी नीट उठला. बाहेर पहिला ट्रक गुरगुरत आत आला, तेव्हा दोघं खुर्चीत मागे रेलले. आनंदापेक्षा सुटकाच जास्त होती.

बाकीच्या गेटांवरही तेच करायचं होतं. दिवाळीपर्यंत ती येत राहिली, तोही. दुपारी टपरीवर लिंबू सरबत घेताना तो उन्हाच्या बाजूला उभा राहायचा, तिच्यावर सावली पडेल असा. ती ते पाहायची... आणि न पाहिल्यासारखं करायची.

एकदा त्यानं विचारलं, “लग्न...?”

“ठरलं होतं. मोडलं. आता घरी स्थळं येतात, मी नटून बसते, हसते. कंटाळा आलाय रे.” ‘रे’ निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. “तुझं?”

“बाबांना लकवा मारलाय. सकाळी त्यांना उठवून, आंघोळ घालून निघतो. बघायला गेलो की मुली विचारतात, पुढचा प्लॅन काय. मला दुपारचा प्लॅन माहीत नसतो.”

काम संपलं त्या संध्याकाळी दोघं पनवेलच्या एसटीत शेजारी बसले. खाडीवरून खारट वारा येत होता. समृद्धीला बोलायचं होतं बरंच, पण डोळे जड झाले, आणि मान कधी कलंडली ते तिला कळलंच नाही.

कंडक्टरच्या हाकेनं ती जागी झाली. पनवेल स्टँड. तिचा गाल निकेशच्या खांद्यावर होता. तो ताठ बसला होता, हातही न हलवता.

“तुझं जासई तर कधीच मागे गेलं,” ती म्हणाली.

“हो.”

“उठवायचं होतं मला.”

“दमली होतीस.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. गाडी रिकामी होत होती.

“निकेश, मी तर थकूनच आलेय सगळीकडून. आता कुणाला आवडावं म्हणून काही करायला जमणार नाही मला.”

“नको करूस.” त्यानं तिची लॅपटॉपची बॅग उचलली. “मला तू आवडतेस. अशीच – अर्धवट झोपेतली. घरी मात्र आजारपण आहे, हे आधीच सांगतो.”

“माहितेय.”

“आई बोलेल पण, ‘आमच्याकडं काम लय हाय गो.’”

“मग मी म्हणेन, आधी चहा द्या.”

खाली उतरल्यावर तिनं चौकशीच्या खिडकीशी जाऊन उरणच्या गाडीचं विचारलं. गाडी लागलेलीच होती. ती आधी चढली, खिडकीची जागा धरली, आणि शेजारच्या सीटवरची धूळ ओढणीनं पुसली.

“तू कुठे निघालीस?” निकेश पायरीवरूनच म्हणाला.

“जासईला. दोन तिकिटं काढ.”