जाळी कुणी काढायला लावली?

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ते रेकॉर्डिंग मी स्वतः ऐकलंय. दोनदा.

तिसऱ्यांदा ऐकायची छाती झाली नाही.

ही माझ्या मावसबहिणीच्या घरी घडलेली गोष्ट. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. बुधवार होता, दुपारचे तीन. लख्ख ऊन. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. भुताटकीला साजेसं काही म्हणजे काही नव्हतं.

ताईचा धाकटा भाऊ पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता. त्या बुधवारच्या चार महिने आधी त्याच मशीनमध्ये सापडून गेला. मशीनपुढे एक लोखंडी जाळी असते. ती उघडी असली की मशीन चालूच होत नाही. त्या दिवशी जाळी जागेवरच नव्हती. कंपनीने हात झटकले. म्हणे, त्यानेच काढली, काम लवकर उरकायला.

हे ऐकल्यापासून ताईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. जो मुलगा कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही हेल्मेट घालायचा, तो जाळी काढेल?

त्या बुधवारी तीन वाजता चौकशी समितीपुढे ऑनलाइन बोलायची तिची पाळी होती. मावशी, म्हणजे तिची आई, मामाकडे जाऊन राहिली होती. तिला ते सगळं पुन्हा ऐकवत नव्हतं. घरात ताई एकटीच. तिने चार पानं लिहून काढली होती. एकेकाची सालटी काढायची, असंच ठरवून बसली होती.

पावणेतीनला लॅपटॉप उघडला.

वायफाय जोडलंच जाईना.

सकाळी याच लॅपटॉपवर तिने मेल वाचल्या होत्या. आता नेटवर्कचं नाव दिसत होतं, सिग्नल पूर्ण होता. पासवर्ड टाकला की ते चाक गरगर फिरायचं आणि... काही नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. नेटवर्क काढून टाकून पुन्हा जोडलं. पासवर्ड एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकला. मोबाइलवरून बोलावं, तर घरात रेंज फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात, तीही कशीबशी फोनवर बोलण्यापुरती.

तीन वाजले.

तीन पाच.

तीन दहा.

ताई रागारागाने उठली. गॅलरीत जाऊन तिने इंटरनेटवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि उचलणाऱ्याला आधी चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा शांत होता. त्याने तिचा नंबर घेतला, लाइन तपासतो म्हणाला.

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"ताई, तुमचा लॅपटॉप तर जोडलेला दिसतोय."

"माझ्यासमोर आहे तो. नाही जोडलेला."

"दोन अठ्ठावन्नपासून जोडलाय. व्हिडिओ कॉल चालू आहे त्याच्यावर. आत्ता, या क्षणाला."

ताईने त्याला लॅपटॉपचं नाव विचारलं. त्याने वाचून दाखवलं. तिचंच. घरात दुसरा लॅपटॉप आहे का, त्याने विचारलं. नव्हता. दुसरं कुणी माणूस? तेही नव्हतं.

आणि तेवढ्यात तिला ऐकू आलं...

धाकट्याच्या खोलीतून कुणीतरी बोलत होतं.

हळू आवाजात. सावकाश. समोरच्याला एखादी गोष्ट समजावून सांगावी तसं. शब्द कळत नव्हते.

तिला आधी वाटलं, शेजारचा टीव्ही. फोन हातात तसाच धरून ती आत आली. त्या खोलीचं दार चार महिने बंद होतं. तिने ते ढकललं.

आवाज थांबला.

गुंडाळलेली गादी. टेबल. खुर्ची. बस्स.

तिने दार ओढून घेतलं...

आवाज पुन्हा सुरू झाला. जिथे थांबला होता, तिथून पुढे.

दुसरं कुणी असतं तर घराबाहेर पळालं असतं. ताईला भीती वाटली नाही. तिला संताप आला, आणि हे तिने मला स्वतः सांगितलंय. चार महिने वाट पाहून मिळालेली एक दुपार हातातून चालली होती आणि घरातली यंत्रंसुद्धा तिची थट्टा करत होती, असं तिला वाटलं. त्या दाराशेजारीच भिंतीवर राउटर होता. त्याचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता.

फोनवरचा माणूस तुटक तुटक म्हणत होता, "ताई, बंद करू नका... कॉल चालू आहे कुणाचातरी..."

तिने प्लग खेचून काढला.

आवाज तुटला.

घर एकदम गप्प. खालचा गाडी धुण्याचा आवाजही नाही.

तीन चोवीस झाले होते. तिने प्लग परत लावला. दिवे एकेक करून लागले आणि लॅपटॉप, जणू काही झालंच नव्हतं, झटक्यात जोडला गेला. धापा टाकत ती ऑनलाइन बैठकीत शिरली, उशिराबद्दल माफी मागायला तोंड उघडलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आलात परत. बरं झालं. नाव सांगत होतात, तेवढ्यात तुटलं. बोला."

"कुणाचं नाव?"

"जाळी काढायला लावणाऱ्याचं."

ताईने समोरची चार पानं चाळली. समितीतल्या दुसऱ्या एकाने तिला धीर दिला, घाबरू नका म्हणाला. ती घाबरली नव्हती. तिला माहीतच नव्हतं.

पंधरा दिवसांनी लेखी अर्ज करून तिने रेकॉर्डिंग मिळवलं. पडद्यावर ताईचं नाव. कॅमेरा बंद. आवाज ताईचाच आहे, सर्दी झाल्यासारखा घोगरा. पण बोलणं तिचं नाही. जाळी नसतानाही मशीन चालावं म्हणून सेन्सर कोणत्या दिवशी तारेने बांधला, ते त्यात आहे. जाळी गोदामात रंगाच्या डब्यांमागे ठेवलीय, बोल्ट कापडी पिशवीत आहेत, तेही आहे. आणि दर दोन वाक्यांमागे, "म्हणजे कसंय बघा..."

असं फक्त धाकटा बोलायचा.

मावशीने तेवढं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

शेवटचं वाक्य असं आहे. "मी नको म्हणत होतो. पण म्हणजे कसंय बघा, मला जाळी काढायला लावली ती..."

पुढे खरखर. तीन चोवीस.

समितीची माणसं गोदामात गेली. जाळी डब्यांमागेच होती. बोल्ट पिशवीत. दोष कामगाराचा नव्हता, असं अहवालात स्वच्छ लिहिलं गेलं. आणि त्याखाली एक ओळ: आदेश देणाऱ्याचं नाव निष्पन्न झालं नाही.

कामावरून कुणालाच काढलं नाही, म्हणजे तो आदेश देणारा आजही तिथेच कामाला आहे. कोण, ते ठाऊक नाही. ताई म्हणते, कदाचित रोज आपल्याच दुकानातून औषध नेत असेल.

आता ती बुधवारी सुट्टी घेते. मागच्या बुधवारी मी तिच्या सोबतीला बसलो होतो, धाकट्याच्या खोलीत. टेबलावर लॅपटॉप उघडा. सिग्नल पूर्ण. तीन वाजले तशी ती रिकाम्या खुर्चीकडे बघून, दात ओठ खात म्हणाली, "नाव सांग. एवढं बोललास ना त्यांच्याशी? मग माझ्याशी बोल."

आम्ही चार वाजेपर्यंत बसलो.

कुणी बोललं नाही. मला हायसं वाटलं.

हे मी ताईला सांगू शकलेलो नाही.