इंचरा माफी मागणार नाही

सासूचं मनगट धरणारी सून म्हैसूरच्या त्या गल्लीत आजवर कुणी पाहिली नव्हती, आणि आपण ते धरलं आहे हे नागश्रीच्या ध्यानात आलं तेव्हा अलमेलम्मांच्या हातातली वाटी कलंडून मध फरशीवर ओघळू लागला होता. त्या मधात अर्धी गोळी होती... कुटलेली, पांढरी, पिठीसाखरेसारखी निरागस दिसणारी. समोर पाटावर आठ वर्षांची इंचरा तोंड उघडून बसली होती, कारण अज्जीने तोंड उघड म्हटलं होतं, आणि मीट असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

"हात सोड," अलमेलम्मा म्हणाल्या. "विष नाही देत मी माझ्या नातीला."

"मग काय देताय, अत्ते?"

"पद्दूचंच औषध. तेही अर्धं. आज राजम्मा येणार, तिची सगळी भजनी मंडळी येणार. गेल्या वर्षी दसऱ्याच्या बाहुल्यांपुढे हिने कानावर हात ठेवून जो गळा काढला होता, तो पुन्हा ऐकायची ताकद नाही माझ्यात. पद्दू बघ, वर्षभरात कसा माणसाळला. दुखणं एकच, मग औषध वेगळं कशाला?"

"दुखणं एक नाही," नागश्री म्हणाली. तिने हात सोडला नाही. "इंचरा, तोंड मीट बाळा. वर जा."

मोठी जाऊ पद्मजा स्वयंपाकघरातून हरभऱ्याच्या उसळीचा झारा हातात घेऊनच धावत आली. वाटी पाहिली, मध पाहिला. "अत्ते, माझ्या कपाटातून घेतलीत? अहो, त्याचं वजन बघून, त्याला तपासून दिलेली गोळी ती. शेजारणीकडून विरजण मागून आणावं तसं वाटलं की काय तुम्हाला?"

"तुम्ही दोघी शिकलेल्या," अलमेलम्मांनी पदराने हात पुसले. "मी आपली अडाणी. पण संध्याकाळी माझी लाज गेली, तर ती राखायला तुमची पुस्तकं येणार नाहीत."

त्या गेल्या, आणि नागश्री तिथेच फरशीवर बसून मध पुसू लागली. किती पुसला तरी चिकटपणा जाईना.

घरातल्यांची चूक अगदीच निराधार नव्हती, हेच तर तिचं दुःख होतं. पद्मजाचा पद्दू आणि तिची इंचरा, दोघं एकाच शाळेत, एकाच तक्रारीचे धनी. हाक मारली तर ओ नाही, मोठ्यांच्या बोलण्यात मधेच तोंड घालणं, वर्गात भलतीकडेच नजर, मैत्रीच्या नावाने बोंब. पद्दूला एडीएचडी आहे हे निदान झालं, औषध लागू पडलं, आणि एका लग्नाच्या पंगतीत कुणा डॉक्टर नातलगाने भाताचा घास घेता घेता इंचरावरही तोच शिक्का मारून टाकला. पण नागश्री कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती. पानं सारखी दिसली म्हणून झाड एक होत नाही, फूल येईतो थांबून पाहावं लागतं, हे तिने कितीतरी वर्गांपुढे सांगितलं होतं. लेकीच्या बाबतीत ते पाहायला बसली आणि तिचा स्वतःचा वर्ग कायमचा सुटला. नवरा श्रीवत्स नोकरीसाठी बंगळूरला, शनिवारी उगवायचा, 'अम्मा म्हणते तसं कर ना' म्हणायचा, आणि रविवारी मावळायचा.

तिने पाहिलं ते असं. पद्दूच्या डोक्यात सगळी रेडिओ स्टेशनं एकदम लागलेली असत. इंचराच्या डोक्यात एकच, आणि त्याची खुंटी बाहेरून कुणाच्या हाताला लागत नसे. पद्दूला नियम ठाऊक असायचा, आठवायचा तो मोडल्यानंतर. इंचराला नियम सांगितला की तो शिलालेख. पण जो नियम कुणी सांगत नाही, नुसता भुवई उचलून दाखवतं, तो तिच्या लेखी नव्हताच. पद्दूला रोज नवं हवं, नाहीतर त्याचा जीव कासावीस. हिला रोज तेच हवं, नाहीतर हिचा. बंगळूरच्या तज्ज्ञ बाईंनी इंचरासोबत दोन दिवस घालवले आणि मग सावकाश सांगितलं, "पूर्वी याला अ‍ॅस्पर्जर म्हणायचे. आता ऑटिझमच्या मोठ्या घरातलीच ही एक खोली समजतात. काही मुलांत दोन्ही गोष्टी असतात, पण हिच्यात दुसरी दिसत नाही. त्या गोळीचं हिच्याकडे काम नाही. हिच्याशी स्पष्ट बोला, एवढं करा."

स्पष्ट बोलणं! ज्या घरात सासू मीठ कमी आहे हेसुद्धा ताट सरकवून सांगते, त्या घरात...

संध्याकाळी दिवाणखाना उजळला. पायऱ्यांवर बाहुल्यांचा दरबार भरला होता. सर्वांत वर रक्तचंदनी राजाराणी, त्यांच्यापुढे कलश, खाली शिपाई, शिकारी, वाजंत्री, आणि शेवटच्या पायरीवर धान्याच्या ढिगांमागे बसलेला ढेरपोट्या शेट्टी नि त्याची शेट्टीण. एकदा कलश बसला की दसऱ्यापर्यंत एकही बाहुली जागची हलवायची नाही, हा म्हैसूरच्या घराघरांतला नेम. घटस्थापनेच्या दिवशी अलमेलम्मांनी दोन्ही नातवंडांना समोर बसवून तो बजावला होता.

बायका आल्या. राजम्मा मधोमध बसल्या. भजनी मंडळीच्या त्या प्रमुख. त्यांनी नाक मुरडलं की त्या घरचं आमंत्रण पुढच्या वर्षी चार घरं नाकारायची. इंचरा पायऱ्यांच्या कडेला भिंतीला पाठ लावून उभी होती, ओठ मिटून, शांत. नागश्रीचा जीव नुसता तिच्यावर टांगलेला.

पहिला घोळ घातला तो पद्दूने. उसळीचे द्रोण मांडलेलं ताट घेऊन तो आतून सुसाट आला, सतरंजीत पाय अडकला, आणि राजम्मांच्या जांभळ्या रेशमावर हरभऱ्यांचा सडा पडला.

"चुकलं, चुकलं, राजम्मा अज्जी," तो त्यांच्या गळ्यातच पडला. "आई चालत जा म्हणाली होती, मला आत्ता आठवलं. पाय माझं ऐकतच नाहीत. साडी मी धुऊन देतो, इस्त्रीपण करतो."

"नको रे राजा," राजम्मांना हसू आवरेना. "इस्त्री करशील नि साडीचा पापड करशील." सगळ्या हसल्या. एका बाईने त्याच्या गालाचा पापा घेतला.

हरभरे झटकत झटकत राजम्मा उठल्या, पायऱ्यांजवळ गेल्या, आणि शेट्टीणबाई उचलून तिचा तळ पाहू लागल्या. "अलमेलू, ही चन्नपट्टणची दिसत नाही गं. कुठून घेतलीस?" उत्तराची वाट न बघता त्यांनी ती खाली ठेवली... शिकाऱ्याच्या शेजारी.

"उचलली," इंचराचा आवाज ताटली फुटावी तसा आला. "बाहुली हलवायची नाही. कलश बसलाय. तुम्ही हलवलीत, आणि ठेवलीत तीही चुकीच्या जागी. ती शिकाऱ्याची बायको नाही. तुम्हाला एवढंही येत नाही का?"

हसू जिथल्या तिथे गोठलं.

"इंचरा," अलमेलम्मा उठल्या. "पाया पड त्यांच्या. माफी माग."

"कशाची?"

"मोठ्यांना असं बोलतात?"

"तुम्हीच म्हणालात," इंचरा भिंतीकडे बघत म्हणाली, "कुणीही हात लावला तर गप्प बसायचं नाही. तुम्ही 'कुणीही' म्हणालात. राजम्मा अज्जी सोडून, असं नाही म्हणालात."

कोपऱ्यात कुणीतरी खुसखुसलं. राजम्मांचा चेहरा लालबुंद झाला. "शाबास. लागलेली नोकरी सोडून आई घरी बसली ती पोरीला हेच शिकवायला होय? त्या पद्दूने माझी साडी नासवली, पण लेकराने जीव तोडून माफी मागितली. आणि ही, डोळ्याला डोळासुद्धा देत नाही."

नागश्री पुढे झाली. गेली कित्येक वर्षं तिने सगळे अपमान पोटात मुरवले होते, पण बोलली ती अतिशय हळू. "राजम्मा, तुमचं मन दुखावलं, त्याबद्दल मी माफी मागते." आणि ती खरोखरच वाकली, त्यांच्या पायांना हात लावला, आणि ताठ उभी राहिली. "पण माझी मुलगी मागणार नाही. पद्दूला नियम माहीत होता, तो विसरला, म्हणून त्याला वाईट वाटलं. हिने नियम पाळला. पाळल्याबद्दल माफी मागायला लावली, तर उद्या हिने कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

"नागश्री, पुरे," अलमेलम्मा म्हणाल्या.

"आज पुरे नाही, अत्ते. ती डोळ्यांत बघत नाही म्हणजे तिला माया नाही, असं कुणी ठरवलं? तुमच्या कपाळावरच्या आठ्या तिला वाचता येत नाहीत. गप्प राहून तुम्ही जे बोलता ते तिला ऐकूच येत नाही. तिला शब्द लागतात, सरळ, उघडे शब्द. आंधळ्याला दिसत नाही म्हणून त्याला आपण उद्धट म्हणतो का?"

"माझ्याही मुलाला दोन वर्षं उनाड म्हणत होतात तुम्ही सगळे," मागून पद्मजा म्हणाली. "तेव्हा ही एकटीच माझ्या बाजूने उभी राहिली. आज मी हिच्या."

राजम्मा हळदीकुंकू न घेताच निघाल्या. सवाष्ण तशी परत जाणं... अलमेलम्मांनी उंबरठ्याचा आधार घेतला. मागे न वळता त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी पोरीला घेऊन राजम्माच्या दारी जायचं. नाहीतर या घरात राहायचं नाही."

"बरं," नागश्री म्हणाली. "सकाळी बॅग भरते."

सकाळी ती खरंच बॅग भरत होती. मेलकोटेला माहेरी आई थकलेली, भाऊ-भावजयीचा संसार, तिथे किती दिवस निभेल हे तिला ठाऊक नव्हतं. श्रीवत्सचा फोन येऊन गेला होता. 'दसरा होईपर्यंत तरी थांब,' तो म्हणाला. 'तुझ्या मुलीला तुझ्याच घरात अत्ते कुटलेली गोळी चाटवत होत्या, तुला कळलं का?' असं तिने विचारलं. मग तो म्हणाला, "आज निघतो. मी येईपर्यंत थांब. जायचं तर तिघं जाऊ."

दारात अलमेलम्मा उभ्या होत्या. केस विंचरलेले नाहीत, डोळे सुजलेले. त्या आत आल्या आणि पलंगाच्या कडेवर, उघड्या बॅगेशेजारी बसल्या.

"काल तू जे सांगितलंस," त्या म्हणाल्या, "ते मोठ्या माणसांनाही असतं का?"

"जन्मभर असतं, अत्ते."

"अशा माणसांची लग्नं होतात?"

"होतात."

अलमेलम्मांनी इंचराचा फ्रॉक हातात घेतला, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तुझे सासरे रोज दहीभातच खायचे. मी काय काय रांधायची, गं... ते हातही लावायचे नाहीत. नवी साडी नेसून पुढे उभी राहिले तर भिंतीवरचं घड्याळ बघायचे. माझी आई गेली, त्या दिवशी मी ऊर फोडून रडत होते, आणि त्यांनी विचारलं ते एवढंच, 'दहनाला किती वाजता निघायचं?' त्या दिवशी माझ्या मनात काहीतरी विझलं. नावडती म्हणूनच जगले मी. त्यांच्या तिरडीपाशीसुद्धा मला धड रडू आलं नाही."

नागश्रीने हातातले कपडे बाजूला ठेवले.

"आणि रात्रभर मला विहीर आठवते आहे. माझी बोटं सांधेदुखीने धरली तेव्हापासून त्यांनी मला एक दिवस पाणी काढू दिलं नाही. पहाटे उठून स्वतः हंडे भरायचे. शब्द नाही. मला वाटायचं, माझं पाणी काढणंही यांना पसंत पडत नाही. मी त्यावरही रडायची..." त्यांचा आवाज चिरकला. "नागश्री, त्यांनाही हेच असेल का गं?"

"गेलेल्या माणसाला नाव लावता येत नाही, अत्ते," नागश्री त्यांच्या पायाशी बसली. एवढ्या वर्षांत प्रथमच तिला ही कर्तबगार, कठोर बाई एका तहानलेल्या नव्या नवरीसारखी दिसली. "पण सांध्यांचं दुखणं तुम्ही त्यांना सांगितलं होतंत का?"

"एकदा. मी मोठ्याने म्हणाले होते, बोटं दुखतात, पाणी ओढवत नाही."

"शब्दांत सांगितलंत, आणि ते त्यांना कळलं."

अलमेलम्मांनी बॅग ओढली आणि एकेक कपडा बाहेर काढून पलंगावर ठेवू लागल्या. "राजम्माला मी बघते. नेम तिने मोडला. माझी नात कुणाच्या दारी जाणार नाही. पद्मजाच्या कपाटाला मी पुन्हा हात लावणार नाही. मला क्षमा कर असं तुला म्हणवत नाही... पण तू सरळ शब्द मागतेस, तर म्हणते. क्षमा कर."

नागश्रीने त्यांच्या वाकड्या बोटांवर कपाळ टेकलं.

तेवढ्यात इंचरा आली. बॅग रिकामी होताना पाहून तिने विचारलं, "जायचं रद्द झालं का? मग मला आधी सांगायला हवं होतं. मी बसमधली खिडकी ठरवली होती."

"चुकलं," अलमेलम्मा म्हणाल्या. "पुढल्या वेळी आधी सांगेन. इंचरा, एक विचारू? मी तुला आवडते का?"

इंचराने खिडकीबाहेर पाहत नीट विचार केला. "सकाळी आवडता. माणसं आली की तुमचा आवाज बदलतो, तेव्हा नाही."

अलमेलम्मांना आधी हसू आलं, आणि त्या हसण्यातूनच, इतक्या वर्षांनी, नवऱ्यासाठीचं रडू. पदर तोंडाशी धरून त्या कितीतरी वेळ हलत राहिल्या.

"एवढं सोपं होतं," त्या म्हणाल्या. "अख्खा जन्म एका छपराखाली काढला मी... आणि एकदाही विचारलं नाही गं त्यांना."