कोगाराशीच्या दोन मुठी

"चोर माझ्या तिघा मित्रांपैकीच कुणीतरी आहे," ओरिहारा म्हणाले, आणि बूट काढायच्या आधीच त्यांनी डोळे पुसले.

हात्सुए कुरोसु बाईंच्या कचेरीत रडत येणारे अशील नवे नव्हते. वीस वर्षं विमा कंपनीत लोकांच्या नुकसानीचं खरंखोटं तपासून बाईंनी हा खाजगी तपासाचा धंदा मांडला होता. रडणाऱ्याला आधी चहा, मग प्रश्न, हा त्यांचा नियम. चहाचं काम दोईकडे. दोई पूर्वी टॅक्सी चालवायचा. तातेइशी भागातली गल्ली न् गल्ली त्याला पाठ होती, बाकी आपलं डोकं जरा सावकाश चालतं हे तो स्वतःच सांगायचा.

आज मात्र चहा ओतता ओतता त्याचा हात थांबला.

"दहा वेळा फिरवल्याशिवाय मत नाही... ते ओरिहारा तुम्हीच का?"

सदुसष्ट वर्षांचे ओरिहारा त्याही अवस्थेत ओशाळं हसले. "मीच तो."

"अहो, तुमचं प्रत्येक परीक्षण वाचलंय मी! ते पाणबुडीवालं, ज्याच्या गुडघ्यांना तुम्ही शंभरातले वीस दिले होते..."

"दोई," कुरोसु बाई म्हणाल्या, "चहा बशीत चाललाय."

ओरिहारांचं आयुष्य गाडीचा माणूस आणि माणसाची गाडी होणाऱ्या खेळण्यातल्या रोबोटांवर लिहिण्यात गेलं होतं. आधी एका चिमुकल्या मासिकात, आता नातीने लावून दिलेल्या कॅमेऱ्यापुढे. सांधा घट्ट आहे का, रंग उडतो का, हे सगळं ते दहा वेळा रूप फिरवून मगच सांगत. काल चोरीला गेलेला रोबोट मात्र सगळ्यांहून निराळा होता. त्याचं नाव कोगाराशी. आगगाडीचा रोबोट होणारा, जगात एकच. त्यांचा दोस्त मुनेकाता याने चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यात हाताने बनवलेला नमुना. तो बाजारात आलाच नाही.

"मुनेकाता गेला. उद्या सकाळी त्याचा एकोणपन्नासावा दिवस, आत्म्याला निरोप द्यायचा. त्याच्या बायकोनं, फुमिए वहिनींनी, कोगाराशी माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, यांच्या कामाबद्दल कुणी दोन शब्द लिहिले नाहीत, तुम्ही लिहा, आणि त्या दिवशी यांच्या फोटोपुढे आणून ठेवा. आता मी कुठल्या तोंडानं जाऊ? वहिनी बोलायच्या नाहीत काही. पण मनात म्हणतीलच ना, की ओरिहारानं ठेवून घेतला!"

"पोलिसांत?"

"तिघांपैकी दोघे निर्दोष आहेत हो. त्यांच्या दारात पोलीस कसे पाठवू?"

ओरिहारांचं घर दोन गल्ल्यांपलीकडे होतं. जिना चढताना त्यांचे गुडघे असे वाजत होते की दोईला पाणबुडीचे वीस गुण आठवले.

वरच्या खोलीत भिंतभर रोबोट रांगेने उभे होते. दोई दारातच थबकला. सहावीत असताना खेळण्यांच्या दुकानाच्या काचेला नाक लावून पाहिलेले सगळे इथे होते. एवढ्या वयाच्या माणसाला असं हरखणं शोभत नाही म्हणून तो खोटंच खोकला.

कॅमेऱ्यापुढच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं होतं. त्यावर फक्त दोन काळ्या मुठी पडल्या होत्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या.

"एवढंच राहिलंय," ओरिहारा म्हणाले. "गाडी करायची तर मुठी उपटून बाजूला ठेवाव्या लागतात. मी चहासाठी उठलो तेव्हा तो रोबोट होऊन उभा होता, मुठींसकट."

बाईंनी वाकून पाहिलं. "कशा ठेवल्यात बघा. टेबलाच्या डाव्या कडेला, जवळजवळ, अंगठे एकमेकांसमोर. तुम्ही हात लावलात?"

"छे!"

"आमची आई अश्शाच ठेवायची," दोई म्हणाला. "घरी बसून खेळण्यांचे सुटे भाग पिशव्यांत भरायचं काम करायची ना ती. कारखान्यातून मुठींच्या जोड्या अशाच यायच्या, वर्तमानपत्रावर ओळीनं. अंगठे समोरासमोर म्हणजे एक डावी, एक उजवी, चुकायला नको. मी शाळेतून आलो की जेवणाच्या निम्म्या टेबलावर मुठीच मुठी." तो हसला. "आणि माझ्याकडे एकही रोबोट नव्हता."

बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग कापडावर बोट टेकवलं. बोटाला सोनेरी कण चिकटले.

"मिठाईचा वर्ख असेल," दोई म्हणाला.

"काल मिठाई होती का?"

"नव्हती," ओरिहारा म्हणाले. "चहा, आणि वाकिसाकांनी घरून आणलेली इनारी, तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात. त्यांची बायको गेल्यापासून स्वतःच करतात. तोफूच्या पिशव्या जरा फाटतात, पण चव तीच."

मग कालची हकिकत आली. नऊ वेळा फिरवून झाल्यावर तिघे आले, म्हणून दहावी फेरी चहानंतर ठेवली. तिघांचे कोट आणि पिशव्या वर, जिन्यालगत. गुडघ्यांमुळे ओरिहारा पुन्हा वर गेले नाहीत. जाताना एकेक जण एकटाच वर जाऊन आपलं सामान घेऊन आला. तासाभराने ओरिहारा कसेबसे वर चढले, तर टेबल रिकामं.

"सामान कसलं?"

"मागारीची बॅग, जुन्या खेळण्यांचा व्यापारी तो, तिच्यात माणूस मावेल. नेझुची कॅमेऱ्याची पेटी, तीही मोठी. वाकिसाकांचा नुसता कोट. इनारीचा डबा खालीच होता. मी म्हटलं धुतो, चार संत्री घालून देतो, रिकामा कसा द्यायचा? तर ऐकेनात. डबा बांधायचं कापड कोटाच्या खिशात आहे म्हणत खरकटा डबा घेऊनच वर गेले."

"फिरवायला अवघड आहे का हो?"

"अवघड? सूचनांचा कागदच नाही त्याला. पहिल्या फेरीला मला चाळीस मिनिटं लागली. ऐका."

त्यांनी नवव्या फेरीचं चित्रण लावलं. पडद्यावरचे ओरिहारा म्हणत होते, "खांदे झकास. छाती बंद होताना ठक्क असा मन भरणारा आवाज. कंबर मात्र आज जरा करकरतेय, शिळ्या बिस्किटासारखी." आणि खरंच, बारीकसा कर्र असा आवाज आला.

मागारीच्या दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. त्याला चोरीचं कळल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "मुठी आहेत का?"

"मागे राहिल्यात."

"मागे?" तो कळवळला. "अहो, मुठींशिवाय निम्मी किंमत जाते! कोण गाढव आहे हा?"

"तुम्ही तो मागितला होता म्हणे."

"दर आठवड्याला मागतो. ओरिहाराला म्हटलं, नऊ फेऱ्या झाल्या ना, बस कर, घासला जाईल. पण तो ऐकतोय थोडाच? त्याच्या दहा फेऱ्यांपायी मी केस गमावलेत."

नेझु पस्तिशीचा. त्याच्या परीक्षणांना ओरिहारांच्या शंभरपट प्रेक्षक होते, तरी ओरिहारांचं नाव घेताना तो मांडी सावरून बसला. "मला फक्त दहावी फेरी माझ्या कॅमेऱ्यात हवी होती. ते 'बघू' म्हणाले. चोरलेला दाखवून मी कुणाला तोंड दाखवणार? आणि मुठी टाकून? आम्ही कुठलंही खेळणं हातात घेतलं की आधी सुटे भाग मोजतो हो. सवयच आहे ती."

"वाकिसाका काही म्हणाले काल?"

"ते बोलतात कुठे? फक्त विचारलं, किती फेऱ्या झाल्या. ओरिहारा म्हणाले नऊ, कंबर करकरतेय. तेव्हा म्हणाले, नऊवरच थांबा. नंतर इनारीसुद्धा खाल्ली नाही त्यांनी."

वाकिसाका साचे बनवणारे जुने कारागीर, मुनेकातांच्याच कारखान्यातले. वय बहात्तर. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा लेथ, धातू कातायचं यंत्र, होता.

"वसंतापासून हात लावला नाही याला," ते म्हणाले. "डोळे साथ देत नाहीत."

दोईला म्हातारा आवडला. हात केवढे, बोटं जाड, आणि चहाची वाटी मात्र अशी धरलेली की आवाज होऊ नये. निघताना दोईने अदबीने त्यांच्या सपाता सरळ करून ठेवल्या, आणि त्यांच्या तळाला चिकटलेला पिवळा चकचकीत कीस त्याच्या बोटाला टोचला.

"पितळ आहे," तो बाहेर येऊन बोट चोखत म्हणाला. "चला, आता मागारीच्या गोदामात. तोच आहे, बाई. निम्मी किंमत म्हणून रडला, ते नाटक."

"दोई, तू आज दोनदा गुन्हा उकललास," बाई म्हणाल्या. "एकदाही तुझ्या लक्षात आलं नाही. जा, तिघांना चार वाजता ओरिहारांकडे बोलाव. आणि वाकिसाकांना म्हणावं, डबा घेऊन या, ओरिहारांना त्यात संत्री घालायचीत."

चार वाजता सगळे हिरव्या कापडाभोवती बसले. वाकिसाकांच्या मांडीवर कापडात बांधलेला डबा होता.

"चोराने कोगाराशीची गाडी केली," कुरोसु बाईंनी सुरुवात केली. "मुठी मागे राहिल्या त्यावरून एवढं उघड आहे. पण का केली? मागारींच्या बॅगेत तो उभाच्या उभा मावला असता. नेझुंच्या पेटीतही. पकडले जायची भीती असताना कोण फिरवत बसेल? ज्याच्याकडे जागा कमी आहे तोच."

नेझुची नजर डब्यावर गेली.

"दुसरं, जे काम करायला ओरिहारांना पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, ते याने कोट घ्यायला लागतो तेवढ्या वेळात केलं. याला ते आधीपासून येत होतं. तिसरं, संग्राहक मुठी सोडून जाणार नाही. तो आधी सुटे भाग मोजतो. पण कारखान्यातला माणूस मोजत नाही. त्याच्याकडे धड येतं, तो मुठी उपटून डाव्या हाताला ठेवतो, अंगठे समोरासमोर, कारण पुढचं काम पिशव्या भरणाऱ्या बायकांचं. हे मला दोईच्या आईने सांगितलं. चाळीस वर्षांची सवय, वाकिसाका. हात आपोआप गेला तुमचा."

वाकिसाकांनी मान खाली घातली.

"धुवायला डबा दिला नाहीत, कारण धुतल्यावर त्यात संत्री आली असती आणि कोगाराशीला जागा उरली नसती."

"वाकिसाका?" ओरिहारांचा आवाज चिरकला. "तुम्ही? अहो, नुसतं मागितलं असतं तरी..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "ही चोरी विकण्यासाठी नव्हती आणि ठेवून घेण्यासाठीही नव्हती. कापडावर सोनेरी कण सापडले. मिठाई तर नव्हती. तुमच्या चित्रणात कंबर करकरतेय. आणि लेथ वसंतापासून बंद, तरी वाकिसाकांच्या सपातांखाली आज ताजा पितळेचा कीस होता. कोगाराशीच्या कमरेत सोनेरी चमकीच्या प्लास्टिकची कडी होती ना?"

"होती," वाकिसाका म्हणाले. "ते प्लास्टिक दिसायला देखणं, पण चमकीमुळे आतून भुसभुशीत होतं. वर्षं गेली की पापडासारखं तुटतं. मला चांगलं ठाऊक आहे, कारण ते वापरा म्हणून मीच हट्ट धरला होता. मुनेकाताला पितळ हवं होतं."

"पण तो बाद झाला तो मुनेकाताच्या चुकीनं ना?" ओरिहारांनी विचारलं.

"कारखान्याच्या साहेबांपुढे पहिला नमुना दाखवायला नेला तर कंबर त्यांच्या हातात तुटली. तिथेच कोगाराशी बाद झाला. विचारलं, चूक कुणाची? मुनेकाता म्हणाला, माझी. त्याला ठाऊक होतं, त्या महिन्यात माझं लग्न ठरलं होतं. नोकरी गेली असती. हा दुसरा नमुना तेवढा त्यानं घरी नेला. पुन्हा कधी रोबोट केला नाही त्यानं. सायकलच्या घंट्या करत बसला कारखाना बंद होईपर्यंत. आणि मी गप्प बसलो. काल ऐकलं, कंबर करकरतेय आणि एक फेरी बाकी आहे. म्हटलं, एकोणपन्नासाव्या दिवशी वहिनींपुढे तो तुटलेला जायचा. आज संध्याकाळी गुपचूप आणून ठेवणार होतो. कारण सांगायची हिंमत नव्हती."

त्यांनी डबा उघडला. आत छोटी काळी आगगाडी होती, आणि तिच्या पोटाशी पितळेची नवी कडी.

"मूळचा भाग काढलात!" मागारी ओरडला. "सगळं मोल गेलं!"

"मागारी, तू गप्प बैस," ओरिहारा म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. "मुनेकाताला पितळच हवं होतं. हा त्याचा खरा कोगाराशी आहे."

त्यांनी कॅमेरा सुरू केला आणि गाडी हातात घेतली. खांदे, छाती, पाय, आणि शेवटी कंबर. कंबर फिरली, आवाज न करता. ओरिहारांनी मुठी बसवल्या आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. "दहावी फेरी. कंबर निर्दोष. गुण..." त्यांनी पुन्हा डोळे पुसले. नेझुने हळूच हात लांब करून कॅमेरा बंद केला.

"वहिनींना मी काही सांगणार नाही," नंतर ओरिहारा म्हणाले. "वस्तू मिळाली, संपलं."

वाकिसाकांनी मात्र डबा परत कापडात लपवला नाही.

सकाळी दोईनेच सगळ्यांना गाडीतून मुनेकातांच्या घरी नेलं. बौद्ध भिक्खू मंत्र म्हणून गेले, उदबत्तीचा धूर उरला. ओरिहारांनी कोगाराशी फुमिए वहिनींच्या हातात दिला. त्या छोट्याशा, ताठ बसणाऱ्या बाई होत्या. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ही कडी नवी दिसते. कुणी दुरुस्त केला?"

"मी," वाकिसाका म्हणाले, आणि कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकले. "आणि चाळीस वर्षांपूर्वी मोडला तोही मीच, वहिनी. मुनेकातानं नाही. त्यानं माझी चूक अंगावर घेतली."

दोईला वाटलं, आता वहिनी उठून जातील.

"दर नववर्षाला तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचात," वहिनी म्हणाल्या. "हे माझ्यापुढे बसून तुम्हाला हसून वाढायचे."

"हो."

"आणि तुम्ही खायचात."

"हो, वहिनी."

त्यांचे डोळे भरून आले, पण त्या रडल्या नाहीत. बराच वेळ त्यांनी रोबोटवरून अंगठा फिरवला. मग तो उचलून वाकिसाकांच्या पुढ्यात ठेवला.

"यांनी कपाटात कोंडून ठेवला होता. याची गाडी कशी होते ते मला कधी दाखवलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दाखवा."

वाकिसाका उठून बसले. त्यांनी मुठी काढल्या, क्षणभर कुठे ठेवाव्यात कळेना, तेव्हा वहिनींनी आपली ओंजळ पुढे केली.