शँडनच्या चढावरचा जॅमरवाला

"लाथ मारू नका, पाय मोडेल!"

मी गाडीच्या चाकाला लावलेल्या जॅमरला लाथ घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला. वळून पाहते तर ज्याने तो लावला होता, तोच! उंचापुरा, लालसर दाढीचा आणि... अगं बाई, काय डोळे होते ते!

"काचेवर कार्ड दिसत नाही का?" मी तणतणले.

"दिसतंय ना. पण तुम्ही कालची तारीख खरवडलीत."

वाकून बघितलं. खरंच की! आमच्या कॉर्क शहरात पार्किंगच्या कार्डावर दिवस नि वेळ नाण्याने खरवडून ठेवायची असते, आणि घाईत मी शुक्रवार खरवडला होता. आज शनिवार.

"अहो, अर्ध्या तासात माझ्या मैत्रिणीचं लग्न आहे, वर चर्चमध्ये! हार्प मी वाजवणार आहे. तिची आई हिवाळ्यात गेली. आईच्या आवडीची धून वाजल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही म्हणतेय क्लीना..."

त्याने जॅमरकडे बोट दाखवलं. "चाकाचा आणि कार्डाचा फोटो काढा. जॅमरवरच्या नंबरला फोन करून दंड भरा, पावती जपा. पटत नसेल तर तक्रार करा. माझं नाव फिआक्रा, तेच लिहा."

"मी मुरिन. पण स्वतःविरुद्धच शिकवताय?"

"तुमचा हक्क आहे तो."

मी मुकाट्याने दंड भरला. जॅमर काढणारी गाडी तासाभराने येणार होती, त्याची चावी त्या गाडीतल्या माणसांकडेच. माझे डोळे भरून आले.

त्याने घड्याळ पाहिलं. "माझी जेवणाची सुट्टी सुरू झाली... हार्प फार जड आहे का?"

आणि पठ्ठ्याने ती गाडीतून काढून खांद्यावर घेतली!

शँडनचा चढ म्हणजे छाती फुटते. दारात खुर्ची टाकून बसलेली एक बाई ओरडली, "काय रे, गाड्या संपल्या म्हणून आता वाद्यं जप्त करतोस?"

"हो मावशी! उद्या तुमची खुर्ची!"

"रोज असं बोलतात?" मी विचारलं.

"काल एकाने अंगावर चहा ओतला."

"अय्या! मग?"

"गार होता."

मला हसू आवरेना. इतक्या शिव्या खाऊन एवढा गोड राहिलेला माणूस मी पाहिला नव्हता.

क्लीना चर्चच्या दारातच थांबली होती, पांढरीफटक. मी बसले, वाजवलं... आणि ती चालू लागली. शेवटच्या खांबाशी फिआक्रा डोळे पुसत होता.

लग्न लागलं आणि नवरीचे काका गरजले, "ह्या जॅमरवाल्याला आत कुणी घेतलं? माझी गाडी ह्यानेच अडकवली होती!"

सगळ्या माना वळल्या. तो दाराकडे निघाला.

"मी घेतलं!" मी हार्पमागून उठले. "पाहुणा आहे तो माझा. जेवायला माझ्याशेजारी बसणार आहे."

"सुट्टी संपली माझी," तो कुजबुजला. "सहाला सुटतो..."

"मग सहाला ये. तोवर तुझ्या खुर्चीत कुणाला बसू देणार नाही."

सहा वाजून दहा मिनिटांनी तो जेवणाच्या हॉलच्या दारात उभा, धापा टाकत.

"अरे, इतकं पळत यायचं?"

"आजवर माझी वाट कुणी पाहिली नव्हती, मुरिन," तो म्हणाला. "लोक मला बघून पळतात..."

मी त्याचा हात धरला आणि काकांच्या नाकासमोरून त्याला नाचायला घेऊन गेले.