उलट्या शेपट्यांचे दोन फुगे

ओली छत्री माझ्या पानावर टेकवून तो माणूस निवांत भिंतीवरची चित्रं बघत होता!

"अहो!" मी जवळजवळ किंचाळलेच. "डोळे आहेत की बटणं?"

तो दचकून मागे सरला. छत्रीचं पाणी टपटप करत पानावरून ओघळलं. "सॉरी... मला वाटलं, टाकून दिलेलं पान आहे."

"टाकून दिलेलं? त्यातला एक 'वाचवा' बसवायला माझी अर्धी सकाळ गेलीय!"

आमच्या ऑफिसात 'लोहपंख' नावाचं सुपरहिरोचं कॉमिक निघतं, दर महिन्याला. त्यातली पात्रं बोलतात ते फुगे काढायचे आणि त्यात हाताने अक्षरं लिहायची, हे माझं काम. पावसाळी हवेत शाई वाळता वाळत नाही, म्हणून मी पानं बाहेर पॅसेजमधल्या बाकावर पसरते. ती छत्र्या ठेवायला नसतात.

"एका शब्दाला अर्धी सकाळ?" त्याने विचारलं. वर हसला!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शब्दाला जागा नको? आमचा तो चित्रकार, घरी बसून पानं पाठवणारा उंटावरचा शहाणा, चौकटीत मुंगी शिरेल एवढी जागा ठेवत नाही. ढग, इमारती, इमारतींना खिडक्या, खिडक्यांत कुंड्या! माणसांनी बोलायचं कुठे? माझ्या डोक्यावर?"

त्याने पावसाने भिजलेला चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "मूर्खच दिसतो."

"गाढव आहे! आणि ती ठिणगी... विजेची दुरुस्ती करणारी, भर वादळात खांबावर चढणारी बाई. तिने दर अंकाच्या शेवटी काय करायचं, तर 'वाचवा!' मग हे लोहपंख महाशय येणार छाती काढून. 'वाचवा' लिहून लिहून हात दुखले माझे. एकदा तरी तिने त्याला वाचवावं की!"

तो चष्मा लावत हळूच म्हणाला, "कुंड्या जरा जास्तच होतात, खरंय. यापुढे... नाही काढणार."

माझं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे, तुम्ही—"

"गाढव," असं म्हणून त्याने चक्क मान झुकवली. "आजपासून इथेच बसणार आहे. तुमच्याच खोलीत."

दुसरी कोणी असती तर लाजेने मेली असती. मी उलट आणखी भडकले. आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला?

मी त्याचं नाव ढापण्या ठेवलं. त्याने कुंड्या सोडल्या, पण खोड नाही सोडली. चित्रकार कच्च्या खुणा फिक्या निळ्या पेन्सिलीने करतात, कारण तो निळा रंग छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. हा बाबा त्याच पेन्सिलीने समासात मला टोमणे मारायचा. 'आज राग नाकाच्या शेंड्यावर की मुळाशी?' 'बाईसाहेब, एवढं आकाश पुरेल ना?' मी काही उत्तर द्यायची नाही. फक्त त्या दिवशी लोहपंखाच्या थोबाडावरच फुगा चिकटवायची.

"अहो, नायकाचं नाक गेलं की!" तो समोरच्या टेबलावरून कळवळायचा.

"जाऊ दे. ऊठसूट दुसऱ्यांच्या भानगडीत खुपसत असतो."

घरी आत्याला सांगितलं, तर ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "दोन आठवडे एकाच माणसाला शिव्या घालतेयस. दमत नाहीस?"

मी आत्यापाशीच वाढले, आणि माझी आत्या सुपरहिरोंची कॉमिक्स पोटात भूक असल्यासारखी वाचते. निवृत्त झाल्यापासून तर दुसरा उद्योगच नाही. पण तिच्या कपाटात मोजकीच पुस्तकं टिकतात. एकात उडता येणारा म्हातारा जिना चढायला घाबरतो. एका जाडजूड चित्रकादंबरीत अख्खं शहर वाचवणारी बाई स्वतःच्या आईला फोन करायचं धाडस गोळा करत बसते. आत्याची परीक्षा सोपी आहे. ज्या अंकात नायकाला निदान एकदा भीती वाटते, तो वाचण्यासारखा. बाकीचा रद्दीत. आमच्या लोहपंखाचा एकही अंक आजवर त्या कपाटात पोचला नव्हता, आणि ते मला फार झोंबायचं.

ते म्हाताऱ्याचं पुस्तक मी एकदा ढापण्याच्या टेबलावर आदळलं. "शिका काहीतरी."

त्याने ते दोन दिवसांत वाचलं आणि परत देताना हातातून सोडेचना. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. "तुमचं ऐकून संपादक मॅडमशी बोललोय," तो म्हणाला. "खास अंकात ठिणगी पंख लावणार. लोहपंखाला तीच वाचवणार. चित्रं मी काढणार, आणि 'वाचवा' लिहायचंच असेल, तर त्याच्या फुग्यात लिहा."

इतकी वर्षं मी याच एका अंकाची वाट बघत होते. मला 'थँक्यू' म्हणायचं होतं. "पुस्तक सोडा, फाटेल," एवढंच तोंडातून निघालं.

आणि मग तो घोळ झाला.

आमच्या धंद्यात साधा नियम आहे. जो आधी बोलतो, तो चौकटीत डावीकडे उभा, कारण वाचणारा डावीकडून येतो. त्या महिन्याच्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत ढापण्याने उलटं केलं. ठिणगी बुटकी, म्हणून ती डावीकडे घेतली, तर तिच्या डोक्यावर माझ्या अक्षरांना ऐसपैस जागा! समासात निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बघा, सगळं तुमच्यासाठी. आता तरी हसा. हसल्याने नाक गळून पडत नाही.' ते वाचून मी अशी खवळले, की चित्राकडे धड न बघताच फुगे ठोकले. लोहपंखाचा पहिला डावीकडे, ठिणगीचा दुसरा उजवीकडे, आणि फुग्यांची टोकं, म्हणजे शेपट्या, सवयीने खालच्या तोंडांकडे. पुढे कोणाच्याच लक्षात आलं नाही. अंक छापून बाजारात गेला.

अंकात हातात पकड घेतलेली ठिणगी त्या धिप्पाड लोहपंखाला सांगत होती, "घाबरायचं नाही. मी आहे ना!" आणि लोखंडी पंखांचा तो आडदांड गडी पावसात निथळत म्हणत होता, "मला सोडून जाऊ नकोस. फार भीती वाटते!"

ऑफिसात नुसता भडका उडाला. "आपल्या नायकाचं हसं झालं!" मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून टेबलावर अंक आपटला. "कोणाची चूक?"

मी तोंड उघडायच्या आत ढापण्या म्हणाला, "माझी. मी आकृत्या उलट काढल्या."

"मग खास अंक दुसरा चित्रकार करेल. आणि गोष्टही जुनीच, वाचवणारा लोहपंखच. तुम्ही टेबल रिकामं करा."

तो केबिनबाहेर गेला. आणि मी? मी, जी छत्रीवरून अख्खी इमारत डोक्यावर घेते, मूग गिळून आपल्या जागेवर जाऊन बसले. तो पेन्सिली डब्यात भरत होता. माझ्याकडे बघून हसला... अगदी लोहपंखासारखा, उपकार केल्यासारखा.

बस्स. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी दार न वाजवताच परत केबिनमध्ये घुसले.

"मॅडम, शेपट्या मी काढल्या. न बघता. निम्मी चूक माझी. त्याला काढायचं तर मलाही काढा!"

"आवाज खाली! तुलाही काढेन." एवढ्यात फोन वाजला. मॅडम वैतागल्या. "सकाळपासून हेच चाललंय. तू घे, आणि सांग, छपाईची चूक होती म्हणून."

मी फोन उचलला. पलीकडून ओळखीचा, तडतडणारा आवाज आला. "लोहपंखाला नक्की कशाची भीती वाटते, ते पुढच्या अंकात सांगणार आहात की नाही? इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक अंक कपाटात ठेवलाय मी! चूक होती म्हणालात तर तिथे येऊन भांडेन!"

आत्या! सकाळी 'मी त्यांना फोन करणार' म्हणाली होती, ते मी मनावर घेतलं नव्हतं. आवाज एवढा मोठा, की मॅडमना सगळं स्पष्ट ऐकू गेलं.

मॅडमनी अंक पुन्हा जवळ ओढला. "सकाळपासूनच्या निम्म्या लोकांनी हेच विचारलं," त्या पुटपुटल्या. मग सुस्कारा सोडला. "सांग त्यांना, पुढच्या अंकात कळेल. आणि तुमची ती पंखांची गोष्ट करा. पण शेपट्या नीट काढ, बाई!"

मी धावत खोलीत आले. टेबल रिकामं! जिन्यावर गाठलं त्याला. छत्री उघडत होता.

"थांबा! कोणी सांगितलं होतं मला वाचवायला? मी 'वाचवा' म्हणाले होते?"

"नाही, पण—"

"पण काय? माझी चूक माझी आहे. तुम्ही कोण ती उचलणारे? खास अंक तुम्हीच करायचाय, मॅडम हो म्हणाल्यात. चला वर!"

तो तिथेच उभा. छत्री अर्धी उघडी, चष्म्यावर पावसाचे थेंब. मग त्याने पिशवीतून एक कागद काढून पुढे केला. एकच चौकट होती, निळ्या पेन्सिलीतली. जिना, एक ढापण्या, एक नाक फुगवलेली बाई, आणि त्याच्या डोक्यावर रिकामा फुगा.

"निळ्यातलं छापलं जात नाही," मी म्हणाले. आवाज कापत होता, रागानेच असेल. "आणि तुमचा फुगा मी भरणार नाही. तोंड दिलंय ना देवाने? बोला."

"मला..." त्याने चष्म्यावरचे थेंब पुसले. "मला तुम्ही आवडता. त्या छत्रीच्या दिवसापासून. पण सांगायची... फार भीती वाटते."

"कशाची?"

"तुमची. आणि तुम्ही नाही म्हणालात, तर त्याची."

इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं लिहिली, आणि ऐन वेळी माझं स्वतःचं एकही सापडेना. मी त्याची छत्री हिसकावून घेतली, मिटली, आणि त्याचा ओला हात घट्ट धरला.

"घाबरायचं नाही," मी रागारागानेच म्हणाले. "मी आहे ना!"